डीजेची भिंत आणि आमचा एक पानी करार

शांतता कमिटीची मीटिंग ज्यांनी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी आधी ते सांगते. सण आठ-दहा दिवसांवर आला की पोलीस स्टेशनातून फोन जातात, हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात, पुढे साहेब बसतात आणि समोर वर्षानुवर्षं तीच माणसं, गणेश मंडळांचे अध्यक्ष, जमातचे सदर, भीमजयंती उत्सव समितीवाले, दोन-चार माजी नगरसेवक, आणि चर्चचे पाळकसाहेब, जे दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्यांना बोलायला द्यायचं राहूनच जातं. प्रत्येकजण उठून सांगतो की आपलं गाव गुण्यागोविंदानं नांदणारं आहे, साहेब सांगतात आवाजाची मर्यादा पाळा नाहीतर कारवाई करू, मग चहा-बिस्किट, ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. आणि मिरवणुकीच्या रात्री डीजे वाजायचा तेवढा वाजतोच.

मला हे माहिती असायचं कारण म्हणजे आमचा छापखाना. सासऱ्यांनी काढलेला, आता मी बघते. तालुक्याचं गाव आहे, सोलापूर-सांगली पट्ट्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं जे सांगतेय त्यात बऱ्याच लोकांनी विश्वासानं बोललेल्या गोष्टी आहेत. गणपतीची पावतीपुस्तकं, उरुसाची पत्रकं, जयंतीचे बॅनर, पर्युषणाचं वेळापत्रक, नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका, सगळं आमच्याकडेच छापायला येतं, त्यामुळे कुठल्या मंडळात कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे मला पोलिसांच्या आधी कळतं. पावतीपुस्तकावरचं खजिनदाराचं नाव बदललं की समजायचं.

आमची मेन पेठ हाच मिरवणुकीचा रस्ता. रस्ता असा की समोरासमोर दोन एसट्या आल्या तर एकीला मागं घ्यावी लागते. त्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेस आणि टॉप, म्हणजे स्पीकरचे मोठे खोके, एकावर एक रचून केलेली भिंत जाते, मागं जनरेटरची गाडी, वर शार्पी लाइट आणि लेझर. याच रस्त्यावर मॅटर्निटी होम, झेडपीची शाळा, मारुतीचं देऊळ, मशीद, पुढं वळणावर बुद्धविहाराचा बोळ. आणि ही भिंत वर्षातनं किती वेळा जाते बघा, शिवजयंती तारखेची, मग तिथीची, रामनवमी, भीमजयंती, उरूस, दहीहंडी, गणपतीचं आगमन, विसर्जन, ईद-ए-मिलाद, नवरात्र, आणि लग्नाच्या वराती तर मोजायच्याच नाहीत. मॅटर्निटी होमच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या की मिरवणूक असली की बाळंतिणींना मागच्या स्टोअररूममध्ये हलवते, खिडक्यांना गाद्या लावते आणि तरी बाळं दचकतात.

नियम आहेत, नाही असं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आणि तिथं ५० आणि ४०, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, फक्त वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. माझ्या मुलानं विसर्जनाच्या रात्री दुकानात बसून, शटर निम्मं खाली ओढून, मोबाइलच्या ॲपवर आवाज मोजला तर आकडा १०० च्या खाली यायलाच तयार नाही. ते ॲप काही कोर्टात चालणार नाही हे मान्य, पण आपल्याला अंदाज तर येतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत एक हिशोब वापरतात, ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, असं करत करत १०० ला फक्त १५ मिनिटं. आमच्याकडची पोरं त्या भिंतीला पाठ टेकून पाच-पाच तास नाचतात.

आता गंमत अशी की हे कुणालाच नको होतं. खरंच. छापखान्यात माणूस प्रूफ बघायला येतो, निवांत बसतो, बोलतो. मंडळाचे जुने अध्यक्ष म्हणायचे वहिनी, निम्मी वर्गणी त्या डीजेच्या बोडक्यावर जाते, पण बंद कसा करायचा, जयंतीला चालतो आणि आपल्यालाच का नाही असं पोरं विचारतात. जमातचे हाजीसाहेब म्हणायचे भाभी, नबींच्या नावानं जुलूस काढायचा आणि त्यात डीजे, लाज वाटते, पण नौजवान म्हणतात त्यांच्या मिरवणुकीत वाजतो तेव्हा कोण बोलतं? जयंती समितीचे गुरुजी तर सगळ्यात जास्त चिडायचे, बाबासाहेबांच्या जयंतीला शाहिरी गेली आणि हे आलं म्हणून, पण त्यांच्याही पोरांचं उत्तर तेच, आधी त्यांचा बंद करा मग आमच्याकडे या. म्हणजे तिन्ही ठिकाणी म्हाताऱ्यांना नको, बायांना नको, आजाऱ्यांना नको, आणि तिन्ही ठिकाणी वाजतोय, कारण जो पहिला बंद करेल तो हरला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा प्रश्न एकेका समाजात सुटणाराच नाही. एखाद्या मंडळानं कितीही चांगुलपणा दाखवला तरी पुढच्या वर्षी पोरं अध्यक्ष बदलून टाकणार. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच कागदावर सही केली तरच होणार. सर्वधर्म समभाव वगैरे जे आपण भाषणात म्हणतो त्याचा इथं खराखुरा उपयोग होता, शोभेचा नाही.

२०२३ पासून तीन वर्षं ईद-ए-मिलाद आणि गणपती एकाच सुमारास येत होते. २०२३ ला तर अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आणि राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं आपणहून जुलूस पुढं ढकलला. २०२४ ला ईद १६ ला, विसर्जन १७ ला, परत जुलूस पुढं. आमच्या गावातही तसंच झालं, पेपरात कौतुक झालं, पण विसर्जनाला भिंत आली आणि ढकललेल्या जुलूसलाही भिंत आली, म्हणजे तारखेचा मोठेपणा दाखवला आणि कानठळ्या दोनदा बसल्या. त्याच सप्टेंबरात पुण्याच्या काही लोकांनी ईदच्या मिरवणुकीतल्या डीजे आणि लेझरविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका केली होती, तेव्हा कोर्ट म्हणालं की गणपतीत घातक असेल तर ईदमध्येही घातकच. ती बातमी मी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली. येणारा प्रत्येकजण वाचायचा आणि म्हणायचा, बघा, त्यांना पण सांगितलं कोर्टानं. कुठल्याही बाजूचा माणूस असला तरी हेच वाक्य!

आमच्याकडे झेरॉक्सला एक रिटायर्ड पोलीस जमादार येतात, तरुणपणी ठाण्याकडे नोकरी केलेले. त्यांनी भिवंडीची गोष्ट सांगितली. १९७० आणि १९८४ ला तिथं भयानक दंगली झालेल्या, मग १९८८ ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं, यंत्रमागवाले, रिक्षावाले, दुकानदार, आणि त्या भागाचा पोलीस, नेहमी भेटत राहायचं, नळाच्या भांडणापासून सगळं तिथंच बोलायचं. १९९२-९३ ला शेजारी मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही पोलीस दलातले ज्युलियो रिबेरो, सतीश साहनी आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांनी त्याच धर्तीवर काम उभं केलं. जमादार म्हणाले, ताई, शांतता कमिटीत पुढारी बोलावतात, ज्याला फोटोत यायचंय तो येतो, तुम्ही त्यांना बोलवू नका, ज्यांच्या हातात त्या रात्री माइक असतो त्यांना बोलवा. हे मला फार कामाला आलं.

पहिली बैठक जानेवारी २०२५ मध्ये आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, पेपरच्या रिमांवर बसून. देवळात घ्यायची नाही, मशिदीत नाही, विहारात नाही, पोलीस स्टेशनात तर नाहीच. प्रत्येक समाजातून एक वडीलधारं, एक तिशीच्या आतलं आणि एक बाई, एवढाच नियम. बाईचा नियम माझा. शांतता कमिटीच्या खुर्च्यांवर बाई कधी बघितली नव्हती मी, आणि आजारी माणसाच्या उशाशी ती बसलेली असते ना.

ती बैठक पार फिसकटली. त्याच महिन्यात हायकोर्टाचा आणखी एक निकाल आला होता की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा आवश्यक भाग नाही, म्हणून एका पोरानं सुरुवातच केली, मग भोंग्याचं काय? लगेच दुसरीकडून, काकड आरतीच्या कर्ण्याचं काय, मग सप्ताहाचं काय, मग २०२२ ला भोंग्यांचं राजकारण झालं होतं ते सगळं उकरून निघालं. हाजीसाहेब उठून चालले होते, पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरून बसवलं. आणि मग पाळकसाहेब बोलले, बहुतेक इतक्या वर्षांत गावानं पहिल्यांदाच त्यांना ऐकलं असेल. ते म्हणाले, आमची संख्या इतकी कमी की आमच्या डीजेची तुम्हाला भीती नाही आणि आमच्या मताची पुढाऱ्याला किंमत नाही, म्हणून मला बोलता येतं, आज फक्त भिंतीवर बोलू, भोंगा आणि कर्णा पुढच्या वर्षी. त्यावर जयंती समितीतली एक नर्सताई हसली आणि बाकीचे पण हसले. भोंगा बाजूला ठेवला. काही जणांना हे पळपुटेपणाचं वाटलं, मला नाही वाटत, सगळं एका दिवशी सोडवायला घेतलं असतं तर काहीच सुटलं नसतं.

पण खरी अडचण दुसरीच होती आणि ती जयंतीच्या पोरानं बोलून दाखवली. तो म्हणाला, ताई, वर्षभर आमच्या गल्लीचा आवाज कुणी ऐकत नाही, नगरपालिकेत गटारीचा अर्ज दिला तर धूळ खात पडतो, त्या एका दिवशी मेन पेठेतनं छाती काढून जातो आम्ही, आणि आता नेमकं आवाज कमी करा म्हणता. कुणाकडेच उत्तर नव्हतं. मुस्लिम पोरांचं दुखणं वेगळं, नियम मोडला सगळ्यांनी तरी गुन्हा आधी आमच्यावर पडतो. आणि मंडळाची पोरं म्हणाली, आम्हाला तर सगळेच सांगतात, कोर्ट सांगतं, पेपर सांगतं, पर्यावरणवाले सांगतात, फक्त आमच्याच सणाला नावं ठेवायची का? प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच टार्गेट करतायत. हे एकमेकांसमोर बोललं गेलं हे बरं झालं, नाहीतर ते व्हॉट्सॲपवर आपापल्या ग्रुपमध्येच फिरत बसलं असतं.

गटारीचा अर्ज मी लक्षात ठेवला. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून तो अर्ज पुन्हा लिहिला, खाली तालमीच्या वस्तादांपासून हाजीसाहेबांपर्यंत सगळ्यांच्या सह्या, आणि सगळे मिळून मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. मुख्याधिकारी आधी दचकलेच, इतके वेगवेगळे लोक एका गटारीसाठी कसे काय! काम पावसाळ्याआधी सुरू झालं, पूर्ण व्हायला दिवाळी उजाडली, पण त्या अर्जानं जे झालं ते दहा भाषणांनी झालं नसतं. तो पोरगा पुढं सगळ्या बैठकांना आला.

मग कानाची तपासणी. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक कान-नाक-घसा डॉक्टर माझ्या भावाच्या ओळखीचे, ते ऑडिओमेट्रीचं मशीन घेऊन आले. शिबिर तीन ठिकाणी घेतलं, तालमीत, उर्दू शाळेत, विहाराच्या हॉलमध्ये, आणि मुद्दाम उलटी वाटणी केली, तालमीच्या पोरांनी उर्दू शाळेत जायचं, उर्दू शाळेच्या गल्लीतल्यांनी विहारात. कानाला हेडफोन लावतात, बारीक बीप ऐकू आला की बोट वर करायचं. डॉक्टरांनी ग्राफ समोर धरून सांगितलं, मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, रोजचं बोलणं ऐकू येत राहतं म्हणून माणसाला कळतच नाही, आणि आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही. काही पोरांच्या ग्राफमध्ये तो खड्डा होता. डीजे ऑपरेटरांच्या ग्राफमध्ये तर होताच होता, एकाला रात्री कानात शिट्टी वाजते म्हणून झोप लागत नाही, हे त्यानं घरी पण सांगितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तिन्हीकडची पोरं चहाच्या टपरीवर ग्राफ एकमेकांना दाखवत होती, दहावीच्या मार्कशीटसारखे.

डीजेवाल्यांना बैठकीला बोलवायचं की नाही यावरनं भांडण झालं. मी म्हटलं बोलवायचंच. गावात तिघं आहेत, एक मुस्लिम, ज्याचा मुख्य सीझन गणपती, आणि दोघं हिंदू, ज्यांच्या सुपाऱ्या उरूस आणि जयंतीच्या. म्हणजे सर्वधर्मीय धंदा बघायचा तर हाच! बिचाऱ्यांनी बँकेचं, पतसंस्थेचं कर्ज काढून सेट उभा केलेला, हप्ता चालू, बाहेरगावचा मोठा डीजे आला की ह्यांचं काम जातं म्हणून दरवर्षी दोन बेस वाढवायचे. एक म्हणाला, वहिनी, मला पण भिंत नकोय, भाडं तेवढंच मिळत असेल तर दोन बेस दोन टॉप लावायला माझं काय जातंय, डिझेल वाचेल. म्हणजे तेही त्याच चरकात. तिथं ठरलं की बाहेरगावचा सेट कुणीच आणायचा नाही, गावातल्या तिघांनाच काम द्यायचं, दोन बेस दोन टॉप, त्याच्या वर नाही. ज्यांना डीजे पूर्ण बंद हवा होता ते नाराज झाले, डॉक्टरीणबाई सुद्धा. मला विचाराल तर हेच बरोबर होतं, पोटावर पाय देऊन केलेला करार एका सीझनच्या वर टिकत नाही.

मार्चभर रमजान होता, मग बैठका तरावीहच्या नमाजनंतर, रात्री साडेदहाला. मंडळाची पोरं जांभया देत यायची पण यायची. करार एक पानी ठेवला. भिंत नाही, लेझर नाही (पुण्याकडून लेझरनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या, त्यामुळे यावर वाद झालाच नाही), मॅटर्निटी होमच्या अलीकडच्या चौकापासून शाळेच्या गेटपर्यंत सगळंच बंद, ताशासुद्धा, कुठल्याही प्रार्थनास्थळासमोर थांबून वाजवायचं नाही, आणि सरकारनं १२ पर्यंत सूट दिली तरी आपण ११ ला बंद. सगळ्यात जास्त वेळ गेला शेवटच्या कलमावर. कुणी मोडलं तर काय? दंड लावा, पोलिसात द्या, बहिष्कार टाका, सगळं झालं. एकानं तर मला सांगितलं की जे मोडतील त्यांची पावतीपुस्तकं छापू नका, मी म्हटलं माझा धंदा आहे बाबा, न्यायालय नाही. शेवटी जमादारांनी सुचवलेलं घेतलं, ज्या समाजाच्या मंडळानं मोडलं त्याच समाजाची माणसं त्यांच्याकडे जातील, दुसऱ्या धर्माचा माणूस त्यावर चकार शब्द बोलणार नाही, स्टेटस ठेवणार नाही, आणि त्याचं निमित्त करून आपला करार मोडणार नाही.

मग नावं. कुणाचं आधी छापायचं? अर्धा तास त्यावर. मी कॉम्प्युटरवर नावं गोल लावून दिली, मधे मजकूर आणि भोवती वर्तुळात सगळी मंडळं, पहिलं कोण शेवटचं कोण कळूच नये. स्टॅम्प पेपरवर करा असा एकाचा आग्रह होता, पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा झालाय, पाचशे कुणी भरायचे यावर नवा वाद नको म्हणून साध्या आर्ट पेपरवर छापला. तसाही त्याला कायद्यानं काही अर्थ नव्हता.

कधीपासून लागू हा प्रश्न उरलाच होता. पुढचा मोठा सण १४ एप्रिल. म्हणजे पहिला बंद जयंतीवाल्यांनी करायचा, शिवजयंती तर फेब्रुवारीत भिंतीसकट होऊन गेलेली. त्यांचा इसारही आधीच देऊन झाला होता. गुरुजी तयार होते पण मलाच ते पटेना, आणि तालमीच्या वस्तादांनाही नाही. वस्ताद म्हणाले, सुरुवात जुलैपासून करा, यंदा आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी आहे, ६ जुलैला, तिथून सगळे एकदम. आमच्याकडे पंजे उठतात त्यात निम्मे हात हिंदूंचे असतात, त्यामुळे तो दिवस कुणा एकाचा नाहीच. एप्रिलमध्ये भीमजयंतीला भिंत आली, पहाटेपर्यंत नाही पण दणकून वाजली, आणि आमच्या गटातल्या कुणीही, एकानंही, पोलिसांना फोन केला नाही की स्टेटसला टोमणा ठेवला नाही. मला वाटतं करारावर खरी सही त्या रात्री झाली.

जुलै निभावला. हलगी, ताशा, टाळ-मृदंग. ते सोपंच होतं.

परीक्षा गणपतीत. २७ ऑगस्टला गणपती बसले, ५ सप्टेंबरला ईद, ६ ला विसर्जन, जुलूस ८ ला ठरवलेला. त्यात नगरपालिकेच्या निवडणुका येणार हे सगळ्यांना दिसत होतं (लागल्या पण, डिसेंबरात), त्यामुळे इच्छुक मोकाट. विसर्जनाच्या दिवशी बहुतेक मंडळं झांजपथक, लेझीम, नाहीतर दोन बेस दोन टॉप घेऊन आली, मॅटर्निटी होमसमोरून तर चिडीचूप गेली, लोक खिडकीतनं बघत होते हे काय चाललंय म्हणून. आणि साडेनऊला एक मंडळ बाहेरगावची भिंत घेऊन आलं. पैसे कुणाचे ते गावाला माहिती होतं. दवाखान्यासमोर सुद्धा वाजवायचं थांबवलं नाही.

रात्रीच माझ्या फोनवर व्हिडिओ येऊन पडले. मुस्लिम पोरांचा निरोप, भाभी, अब हमको मत बोलना. मी फक्त एवढंच लिहिलं की शेवटचं कलम वाचा. मधे एकच दिवस होता, ७ तारीख, रविवार. सकाळी वस्ताद आणि तीन मंडळांचे अध्यक्ष त्या मंडळाच्या पोरांच्या घरी गेले, एकेकाच्या घरी, आईबापांसमोर. काय बोलले मला माहिती नाही, वस्ताद सांगत नाहीत. दुपारी तेच लोक जमातच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, आमच्यातल्या एकानं मोडलं, आम्ही त्याच्याकडे जाऊन आलो, आता तुमचं तुम्ही ठरवा. हाजीसाहेबांना माफी-बिफी अपेक्षित नव्हती, ते स्वतः येऊन सांगून गेले एवढंच त्यांना पोरांसमोर ठेवायला पुरलं. ८ ला जुलूस निघाला, दफ आणि नात म्हणजे नबींची स्तुतिगीतं, शेवटी एका टेम्पोवर सेट होता पण दोनाच्या वर नाही, पोरांनी ११ च्या आधीच बंद केला आणि मुद्दाम मला घड्याळाचा फोटो पाठवला.

त्या मंडळानं नवरात्रात परत भिंत आणली नाही. का, ते मला नक्की सांगता येणार नाही, वस्तादांचा धाक की पैसे देणाऱ्या इच्छुकाचा आटलेला पैसा, असो. यंदाची १९ फेब्रुवारीची शिवजयंती लेझीम आणि पोवाड्यांवर झाली, पोरांची गर्दी कमी होती हे खरंय, ते लपवण्यात अर्थ नाही. येत्या १४ एप्रिलसाठी गुरुजींनी विहारात सलग अठरा तास अभ्यास ठेवलाय आणि मिरवणुकीला शाहिरी पार्टी सांगितलीय, तो गटारीवाला पोरगा वर्गणी गोळा करतोय, पावतीपुस्तक आमच्याकडंच छापायला आहे.

आता अडलंय ते लग्नाच्या वरातींवर. तिथं मंडळ नाही, जमात नाही, समिती नाही, नवरदेवाचे मित्र आणि मामा एवढंच असतं, करार करायचा कुणाशी? भटजी, काझी, भंते आणि पाळकसाहेब या चौघांना एकत्र बसवून लग्न ठरवतानाच घरच्यांना सांगायचं असं नर्सताईचं म्हणणं आहे, मंगल कार्यालयाच्या मालकांना पण बोलवा म्हणते. काझीसाहेब आणि पाळकसाहेब हो म्हणालेत, भंतेजींना निरोप गेलाय, भटजींची लग्नसराई चालू आहे, ते म्हणतात अक्षय्य तृतीयेनंतर बघू.